ज्याच्या नावाचा कागद

आमच्या घरात कॉम्प्युटर तीन आणि प्रिंटर एक. दादाचा मोठा कॉम्प्युटर मधल्या खोलीत, वहिनीचा लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर, माझा माझ्या खोलीत. दादा आसपासच्या ग्रामपंचायतींची ऑनलाइन कामं कंत्राटावर करतो, वहिनी अंगणवाड्यांची सुपरवायझर आहे आणि मी अहेरीतच एका शाळेत गणित शिकवते. तिघांनाही रोज कागद लागतात. सरकारला सगळं ऑनलाइन हवं असतं आणि शिवाय त्याची प्रत सही-शिक्क्यासह हवी असते, हे इकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आधी तो प्रिंटर वायरने दादाच्या कॉम्प्युटरला जोडलेला होता. दादाचा कॉम्प्युटर चालू असला तरच आमचे कागद निघायचे. दादा मोटारसायकल घेऊन एटापल्लीकडे गेला की वहिनी आणि मी हात चोळत बसायचो. मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. एकदा युनिट टेस्टचे पेपर सकाळी हवे होते आणि दादा कॉम्प्युटर बंद करून गावाला गेलेला. मी ती वायरच उपटली आणि प्रिंटर उचलून माझ्या खोलीत नेला. संध्याकाळी घरात महाभारत झालं. मग दादाने दोन दिवस मोबाइलवर व्हिडिओ पाहून प्रिंटर वायफायवर घेतला. आता तो कुणाच्याच कॉम्प्युटरचा नव्हता, तिघांचा होता. ठेवायचा कुठे यावरून पुन्हा तोंडातोंडी झाली, तेव्हा वहिनी म्हणाली, "बाबाच्या खोलीत ठेवा. ते कोनाच्या बाजूनं नाईत."

अशा रीतीने प्रिंटर समोरच्या खोलीत, खिडकीजवळच्या बाबांच्या खाटेशेजारी आला.

माझे बाबा पोस्टमन होते. एटापल्ली तालुक्यातल्या जंगलातल्या गावांना त्यांनी सायकलवरून टपाल वाटलं, जिथे सायकल जात नव्हती तिथे पायी. निवृत्त झाल्यावर काही वर्षं ते रिकाम्या हातांनी नुसते बसून असायचे आणि आईच्या कामात नाक खुपसून बोलणी खायचे. प्रिंटर खोलीत आला आणि पहिला कागद घरघर करत बाहेर पडला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. "हे तं पोस्टाफिसच झालं," ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी आईला जुनी खाकी पँट उसवायला लावली. तिच्या तीन पिशव्या शिवून घेतल्या आणि आमच्या तीन जागांवर खिळे ठोकून टांगल्या. प्रिंटरमधून कागद निघाला की बाबा तो उचलणार, वरची ओळ पाहणार, पालथा करणार आणि ज्याच्या त्याच्या पिशवीत नेऊन टाकणार. वर ग्रामपंचायतीचं नाव दिसलं की दादाचा, अंगणवाडीचा नंबर दिसला की वहिनीचा, शाळेचं नाव असलं की माझा. काहीच कळलं नाही तर कागद प्रिंटरवर दगडाखाली पालथा पडून राहायचा. त्या ढिगाला ते 'बेवारशी' म्हणत.

आम्ही हसायचो. उठून दहा पावलं चालायचा आम्हाला काय कंटाळा होता? पण त्यांचा नेम मोडायची कुणाची छाती नव्हती. मी एकदा म्हटलं होतं, "बाबा, वाचून पाहा न एखांदा. बसल्या बसल्या टाइमपास होईन."

त्यांना ते मुळीच आवडलं नाही. "पत्ता वाचाचा असते," ते म्हणाले, "मजकूर नाई. मजकूर ज्याचा त्याचा."

वायफायची एक खोड मात्र होती. त्याचा डबा, म्हणजे राउटर, घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो आणि तोच त्या यंत्राचा पत्ता. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट दिवसातून चारदा जाते. लाइट आली की डबा नव्याने नंबर वाटत बसतो. प्रिंटरला कधी जुनाच नंबर मिळतो, कधी भलताच. आमचे कॉम्प्युटर मात्र जुन्याच नंबरावर कागद पाठवत राहतात. बाबांना मी हे समजावलं, तेव्हा ते पोट धरून हसले. "घर तेच, टेबल तेच, अन् पत्ता बदलते? आमच्या टायमाले असं असतं तं जंगलातच मेलो असतो."

प्रिंटरला कायमचा एक नंबर बांधून द्यायची सोय असते. दादा दर आठवड्याला म्हणायचा, येत्या रविवारी करतो. तो रविवार आला नाही. मग आम्ही तिघं काय करायचो, तर कागद निघाला नाही की पुन्हा बटण दाबायचो. तरी नाही निघाला की आणखी एकदा, जरा जोरात, जणू जोरात दाबल्याने यंत्राला धाक बसेल. वहिनीची पोषण आहाराची यादी एकदा चौथ्या दिवशी निघाली आणि एकदम पाच प्रतींत. तोवर तिने ती यादी हाताने लिहून दिलीसुद्धा होती. बाबांनी पाचही प्रती पालथ्या करून तिच्या पिशवीत कोंबल्या आणि म्हणाले, "उशिराचं टपाल."

आता बाबांची एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यापाशी येतं.

ज्या गावांत ते टपाल न्यायचे तिथे वाचता येणारं माणूस क्वचित असायचं. पत्र देणारे तेच आणि वाचणारेही तेच. मी पाचवी-सहावीत असताना सुट्टीत एकदा सायकलच्या दांडीवर बसून त्यांच्याबरोबर गेले होते. चांगली बातमी असली की ते सगळं गाव गोळा होईल अशा आवाजात अंगणातूनच ओरडून वाचायचे. वाईट असली की पत्र आधी मनात वाचायचे, घडी घालायचे आणि समोरच्या माणसाला विचारायचे, "जेवन झालं का?" झालं नसेल तर आधी जेवायला लावायचे. समोर बसून राहायचे. मग एक लोटा पाणी मागवायचे, घरच्या माणसांना बोलवायचे आणि वाचायचे. बातमी ऐकल्यावर दोन दिवस घास उतरत नाही, म्हणून जे पोटात जायचं ते आधीच जाऊ द्यावं, एवढाच त्यात हिशेब होता. पण हळूहळू ते सगळ्यांना माहीत झालं. पोस्टमनभाऊने जेवणाचं विचारलं की बायका तिथेच खाली बसायच्या.

वाचून झालं की विचारायचे, "जबाब काय लिहू?" आणि समोरचा सांगेल ते, सांगेल तसं लिहायचे. स्वतःचा एक शब्द घालायचे नाहीत.

आमच्या घरात मात्र बाबांनी कुणाला कधी जेवलास का, जेवलीस का, असं विचारलं नाही. आईने तशी शपथच घातली होती. "तो सवाल घरात आनाचा नाई," ती म्हणायची.

या होळीनंतर बाबांचा आवाज बसला. आधी वाटलं खोकला आहे. काढे झाले, गुळण्या झाल्या, गावातल्या दवाखान्यातली औषधं झाली. आवाज घोगरा होत होत कधी अगदी फाटायचा. वर्षावासाचे तीन महिने आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं आणि ते निवृत्तीपासून बाबाच करतात. आषाढी पौर्णिमा तोंडावर आली होती आणि विहारातली मंडळी येऊन विचारून जायची, भाऊ, यंदा जमन न? बाबा म्हणायचे, जमन, जमन.

शेवटी दादा आणि मी त्यांना नागपूरला घेऊन गेलो. डॉक्टरांनी घशात नळीचा कॅमेरा घातला, आतला एक तुकडा तपासणीला काढला. रिपोर्ट माझ्या मेलवर आला, शुक्रवारी, शाळेच्या मधल्या सुट्टीत. तीन पानं. मी स्टाफरूममध्ये उभ्या उभ्या वाचली आणि पुढच्या तासाला सातवीच्या फळ्यावर अपूर्णांकाची एक बेरीज तीनदा चुकवली.

संध्याकाळी डॉक्टर फोनवर म्हणाले, स्वरयंत्राचा कॅन्सर आहे, फार पसरलेला नाही. दोन रस्ते आहेत. एक, ऑपरेशन करून स्वरयंत्र काढून टाकायचं. जीव वाचण्याची खात्री त्यात जास्त, पण आवाज कायमचा जाणार. दुसरा, आधी रेडिएशनचा शेक देऊन पाहायचा. आवाज बहुधा राहील, पण आजार उलटला तर नंतर ऑपरेशन आहेच. घरी विचार करा, पेशंटशी बोला आणि कळवा.

पेशंटशी बोला, असं ते स्पष्ट म्हणाले होते. मी बोलू दिलं नाही. हे मी कुणावर ढकलत नाही, तो निर्णय माझा होता. आमच्या घरात वयाने मोठा दादा, पण हेडमास्तर मी. दादा म्हणाला, "त्याईले विचारा लागन न. घसा त्याईचा हाय." मी त्याच्यावर खेकसले, "विचारून का होनार हाय? रोज थोडे थोडे मरतीन ते. आपुन ऑपरेशनचं पक्कं करू, तिथी गेल्यावर डॉक्टर सांगतीन." वहिनी तिथेच होती. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मला तेही आवडलं नाही.

बाबांना आणि आईला मी सांगितलं, रिपोर्ट साधा आहे. पाण्याची गाठ आहे, छोटंसं ऑपरेशन करून काढून टाकतील.

बाबांनी लगेच विश्वास ठेवला. त्यानंतरचे नऊ दिवस ते आनंदात होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला घोगऱ्या आवाजात सांगायचे, "पान्याची गाठ हाये म्हन्ते. राहू द्या म्हनलं, उन्हाळ्यात कामी येईन." समोरचा हसायचा, ते हसायचे. मी खोलीत असले तर मीही हसायचे. हसताना मी त्यांच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघायला शिकले.

दादा पुढच्या सोमवारी डॉक्टरांना भेटायला एकटाच नागपूरला जाणार होता आणि फाइलमध्ये रिपोर्टची छापील प्रत हवी होती. गावातल्या दुकानात काढायची सोय नव्हती. तिथे बसलेला प्रत्येकजण बाबांच्या ओळखीचा. म्हणून मंगळवारी, बाबा वर्षावासाच्या बैठकीला विहारात गेले तेव्हा, मी घरीच प्रिंट दिली आणि धावत समोरच्या खोलीत जाऊन उभी राहिले. काही निघालं नाही. सकाळी लाइट जाऊन आली होती. परत खोलीत गेले, बटण दाबलं, परत आले. नाही. तिसऱ्यांदा दाबलं. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली आणि बाबा आले. मी लॅपटॉप बंद करून टाकला.

बंद केला म्हणजे आतलं सगळं पुसलं गेलं, अशी माझी समजूत. गणिताची बाई मी, पण वहिनीच्या पाच याद्या चौथ्या दिवशी आलेल्या पाहूनही मला हे सुचू नये. भीती वाटत असली की माणसाची अक्कल गहाण पडते, दुसरं काय.

रविवार उजाडला तो पावसातच. लाइट पहाटेपासून ये-जा करत होती. दहाच्या सुमाराला ती टिकल्यासारखी वाटली म्हणून मी लॅपटॉप उघडला, सहावीच्या चाचणीचा पेपर तयार केला, दोन पानं प्रिंटला दिली आणि मागच्या अंगणात आईला सरपणावर ताडपत्री ओढू लागायला गेले. तिथून प्रिंटरचा आवाज ऐकू आला. एक पान. दोन पानं. बरं झालं, चालू झाला, असं मनात म्हणते तोवर तिसरं पान ओढल्याचा आवाज आला.

मी ताडपत्रीचं टोक धरून उभी राहिले आणि मोजत गेले. चार. पाच. सहा. आई म्हणत होती, "ओढ न व, काऊन थांबली?" मोजता मोजता मला कळलं की मंगळवारी तीनदा दाबलेली नऊ आणि आजची दोन, अशी ही पानं अकरा होणार आहेत. मी टोक सोडून पळत सुटले.

समोरच्या खोलीत प्रिंटर शांत होता. ट्रेमध्ये एकही कागद नाही. दगडाखाली काही नाही. बाबा खाटेवर खिडकीकडे तोंड करून बसले होते, चष्मा डोळ्यांवर होता. माझ्या दारावरच्या पिशवीत दोन कागद होते, पालथे. चाचणीचा पेपर.

मी परत आले. आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "बाबा, माह्ये कागद आले का?"

"तुह्ये दोन होते. टाकले पिशवीत."

"बाकीचे?"

"बाकीचे तुह्ये नोहत," ते म्हणाले. खिडकीबाहेर पाहतच म्हणाले.

रिपोर्टच्या पहिल्याच ओळीत पेशंटचं नाव असतं. बाबांना इंग्रजी अक्षरं लावता येतात, अर्थ फारसा लागत नाही; पण नाव-पत्ता कुठल्याही लिपीतला वाचता येतो, त्यावरच जन्म गेला. त्यांनी नेम मोडला नव्हता. वरची ओळ पाहिली होती आणि ज्याच्या नावाचा कागद त्याला दिला होता.

मी स्वयंपाकघरात जाऊन दादाला आणि वहिनीला सांगितलं. आम्ही तिघं चोरांसारखं कुजबुजत राहिलो. वाचला असेल का? कळला असेल का? इंग्रजी आहे, नसेल कळला. वहिनी म्हणाली, "आत्ता जाऊन सांगा. तिघंबी जाऊ." मी म्हटलं, "थांब." किती वेळ थांबायचं आणि कशासाठी, ते मला माहीत नव्हतं. मधे शेजारचे एक भाऊ छत्री झटकत आले आणि बाबांना ओरडून म्हणाले, "का म्हन्ते पान्याची गाठ?" बाबा फक्त म्हणाले, "बसा." गाठीवर एक शब्द बोलले नाहीत. मी दाराआड उभी राहून ऐकत होते.

दुपारी मी खोलीत पेपरचे गुण मांडण्याचं नाटक करत बसले होते. दारात सावली पडली. बाबा माझ्या खोलीत कधी येत नाहीत, पिशवीपर्यंत येतात आणि फिरतात. त्या दिवशी ते उंबऱ्यावर उभे राहिले आणि फाटक्या आवाजात त्यांनी विचारलं,

"जेवली का?"

मागे स्वयंपाकघरातून आईच्या हातातली पळी खाली पडल्याचा आवाज आला. तिलाही ऐकू गेलं होतं.

"नाई," मी म्हटलं.

"जेवून घे मंग. समदेच घ्या जेवून."

भात होता, वरण होतं, अंबाडीची भाजी होती. बाबा आमच्यासमोर जमिनीवर बसले आणि आम्ही चौघं खात असताना बघत राहिले. आई एकदा म्हणाली, "का झालं ते सांगाल तं खरं," तर ते म्हणाले, "खाय आंधी." मी आयुष्यात खूप वाईट जेवणं जेवले आहे, होस्टेलला चार वर्षं होते, पण असा घास कधी गिळला नाही. ताटात टाकायची हिंमत नव्हती.

मग त्यांनी सगळ्यांना समोरच्या खोलीत बोलावलं. आईला खाटेवर आपल्या शेजारी बसवलं. वहिनीला एक लोटा पाणी आणायला सांगितलं. उशीखालून कागद काढले. नऊ पानांचे तीन संच करून त्यांनी नीट लावून ठेवले होते. त्यातला एक घेतला आणि वाचायला लागले. नाव वाचलं, वय वाचलं, तुकडा कुठून काढला ते अडखळत वाचलं. पुढे एका शब्दाशी थांबले, एकेक अक्षर लावलं आणि दादासमोर कागद धरला.

"ह्याचा अर्थ का होते?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. सगळे माझ्याकडेच पाहत होते.

"कॅन्सर," मी म्हटलं.

"जोरानं सांग. तुह्या आईले आयकू गेलं नाई."

मी पुन्हा सांगितलं. आईने तोंडाला पदर लावला. बाबांनी लोटा तिच्या हातात दिला, ती दोन घोट प्यायली, आणि मग ते पुढे वाचत गेले, अगदी शेवटपर्यंत, खालची तारीखसुद्धा. तारखेवर त्यांनी बोट ठेवलं.

"नऊ दिवस झाले ह्याले."

"तुमाले तरास होऊ नोये म्हनून ठेवलं, बाबा," दादा म्हणाला. बिचारा माझा गुन्हा स्वतःवर घेत होता.

"मीबी त्याच्याचसाठी ठेवला होता," बाबा म्हणाले. "एकदा. नोकरीत एकच डाव."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आईलासुद्धा. एका गावात एका बाईच्या मुलाचं पत्र त्यांनी नेलं होतं. मुलगा बाहेर कामाला गेला होता, तिकडेच वारला होता, ते मुकादमाने कळवलं होतं. बाबा पोचले तेव्हा गावात सण होता, रात्रभर नाच चालणार होता आणि ती बाई नाचणाऱ्या बायकांच्या पहिल्या रांगेत होती. जोहार करून तिने बाबांना बसायला खाट दिली. बाबांनी ठरवलं, आज नको. ते त्या गावातच मुक्काम करून राहिले. सकाळी तिला जेवायला लावलं आणि पत्र वाचलं.

"ते रडली नाई पयले," बाबा म्हणाले. मधेमधे त्यांचा आवाज अजिबात निघत नव्हता, नुसते ओठ हलायचे, मग ते थांबून पुन्हा तेच वाक्य म्हणायचे. "मले म्हने, काल तू इथीच होता. तुह्याजवळ कागद होता अन् मी नाचत होती. तू पाहत होता. मले म्हने, माह्या पोराची माती झाली अन् तू मले नाचाले लावलं."

पावसाचा आवाज येत होता. बाबांनी कागदाची घडी घातली आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

"नऊ दिवस मी पान्याची गाठ, पान्याची गाठ म्हनून साऱ्या गावाले हासवत होतो. अन् तू पाहत होती."

मी रडले. मला रडायचा काही हक्क नाही असं वाटत होतं, तरी रडले. माफ करा म्हणायचं होतं, पण आमच्या घरात तो शब्द कुणी वापरत नाही, त्यामुळे तोंडातून निघाला नाही. बाबांनी जवळ घेतलं नाही. रागावलेही नाहीत. मी दोन रस्त्यांचं सांगितलं, ऑपरेशन आणि शेक, आवाज आणि खात्री, आणि आम्ही ऑपरेशनचं पक्कं करत होतो हेही सांगितलं. सांगताना मला माझाच आवाज परका वाटत होता. ते शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, "लॅपटॉप आन. जबाब लिहाचा हाय."

मी लॅपटॉप आणून त्यांच्या पायाशी बसले. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. शेक देऊन आवाज राहत असेल तर तेच आधी करा. आवाज काढायचा झाला तर मला विचारून काढा, माझ्या मुलांना विचारून नाही. यापुढचे रिपोर्ट माझ्या नावाने, माझ्या पत्त्यावर कागदावर पाठवा, टपालाने आले तरी चालतील. आणि शेवटी एक प्रश्न लिहायला लावला, शेक चालू असताना रोज अर्धा तास वाचन केलं तर चालेल का?

त्यातलं 'माझ्या मुलांना विचारून नाही' हे टाइप करताना माझी बोटं अडली. वाटलं, हे डॉक्टरांना बरं दिसणार नाही, जरा मऊ करून लिहावं. एवढं होऊनसुद्धा मला तसं वाटलं. मी ते होतं तसंच लिहिलं, पण त्या थांबण्याकडे बाबांचं लक्ष होतं.

प्रिंट दिली. तेवढा एक कागद पहिल्या फटक्यात निघाला. बाबा उठले, कागद उचलला आणि मी हात पुढे केला. त्यांनी तो मला दिला नाही, पालथाही केला नाही. खिडकीपाशी नेऊन, ओळीखाली बोट धरून, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. त्यांनी सांगितलं तसंच मी लिहिलं आहे का, ते तपासलं. मग सही केली.

आता शेक चालू आहेत. आठवड्यातले पाच दिवस बाबा आणि दादा नागपूरला एका नातेवाइकाकडे राहतात, शनिवारी घरी येतात. आवाज राहील की नाही, ते अजून डॉक्टरही सांगत नाहीत. वाचन करू नका, असा जबाब आला. विहारात यंदा दुसरं कुणी वाचतं आणि बाबा गावात असले की मागच्या रांगेत बसून ऐकतात. दादाने त्याच रविवारी प्रिंटरला कायमचा नंबर बांधून दिला. लाइट गेली-आली तरी आता त्याचा पत्ता बदलत नाही.

शनिवार-रविवार बाबा खाटेवर असतात आणि प्रिंटर त्यांच्याच ताब्यात असतो. दादाचे कागद ते वरची ओळ पाहून पालथे करतात आणि त्याच्या पिशवीत टाकतात. वहिनीचेही तसेच. माझा कागद निघाला की चष्मा लावतात आणि आधी पूर्ण वाचतात, मग तो सहावीचा पेपर असो की रजेचा अर्ज. मी खोलीतून ते ऐकते, कागद हातात धरून बसल्याची ती शांतता, आणि गप्प राहते. मला राग येत नाही असं नाही, येतो. पण बोलायला तोंड कुठे आहे? थोड्या वेळाने पावलं वाजतात. माझ्या दारावरच्या पिशवीत कागद आता सुलटे असतात.